जोडी कुणी जमवायची?

लग्न जुळवण्याची हौस आपल्या समाजात किती दांडगी आहे, हे वेगळे सांगायला नको. कुणाच्या घरी उपवर मुलगा किंवा मुलगी असली, की सारी आळी कामाला लागते. पण जी माणसे मुळात अस्तित्वातच नाहीत, जी फक्त पोथीत, रंगमंचावर किंवा पडद्यावर आहेत, त्यांचीही लग्ने आपण तितक्याच हिरिरीने जुळवतो. अमक्या नायकाला तमकीच नायिका शोभते, असे ठासून सांगतो आणि लेखकाने तसे केले नाही तर रुसून बसतो. हा रुसवा आजचा नाही. महाराष्ट्रात त्याला मोठा इतिहास आहे आणि त्या इतिहासात आपल्या मनातल्या न्याय-अन्यायाच्या कल्पना लपलेल्या आहेत. त्याबद्दल आज मला बोलायचे आहे.

सुरुवात अलीकडच्या गोष्टीने करते. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड या कंपनीने तयार केलेली ‘छोटा भीम’ ही कार्टून मालिका २००८ साली पोगो वाहिनीवर सुरू झाली. ढोलकपूर नावाचे गाव, तिथला बलवान पोरगा भीम, त्याचे मित्र राजू आणि जग्गू माकड, भांडखोर कालिया, राजाची मुलगी इंदुमती आणि भीमाची मैत्रीण चुटकी. चुटकीच्या घरी लाडू वळले जातात आणि लाडू खाल्ला की भीमाच्या अंगात बळ येते. मी नवापूरची. बोईसर-तारापूर भागात बरीच वर्षे शिक्षकी केली. कारखान्यांमुळे आमच्या वर्गांत मराठी, वारली, मांगेली मुलांच्या शेजारी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांची मुले बसत. घरची भाषा प्रत्येकाची निराळी, पण ढोलकपूर सगळ्यांचे सारखेच होते.

जून २०२० मध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, एक बातमी पसरली की मोठा झालेला भीम राजकन्या इंदुमतीशी लग्न करतो. झाले, देशभरातली तरुण पोरे खवळली. ही मालिका पाहतच ती लहानाची मोठी झाली होती. जिने रोज लाडू खाऊ घातले त्या चुटकीला सोडून राजाची मुलगी? चुटकीला न्याय मिळालाच पाहिजे, अशी मागणी समाजमाध्यमांवर गाजली. थट्टा होती, पण निव्वळ थट्टा नव्हती. शेवटी कंपनीला निवेदन काढावे लागले. ही सगळी पात्रे अजून लहान मुलेच आहेत, लग्नाची बातमी खोटी आहे आणि या निरागस मुलांच्या आयुष्यात प्रेम आणि लग्न आणू नका, असा त्याचा आशय होता. हे निवेदन लक्षात ठेवा, शेवटी मी त्याच्याकडे परत येणार आहे.

पात्रांच्या जोड्या लावण्याच्या या छंदाला हल्लीची मुले ‘शिपिंग’ म्हणतात. आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला शिपिंग म्हटले की बोट आणि बंदरच आठवणार. पण हा शब्द ‘रिलेशनशिप’च्या शेपटातून आला आहे. १९९३ साली अमेरिकेत ‘एक्स फाइल्स’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातले मुल्डर आणि स्कली हे दोन तपास अधिकारी एकमेकांच्या प्रेमात पडावेत की नाही, यावरून प्रेक्षकांत दोन तट पडले आणि त्या वादात हा शब्द रुळला. शब्द तिकडचा असला तरी खोड आपल्याकडेही जुनीच आहे.

पंढरपूरचेच पाहा. विठोबाच्या देवळात रखुमाई त्याच्या शेजारी उभी नाही. मागे तिचे वेगळे देऊळ आहे. याची कथा बायका पिढ्यान्‌पिढ्या सांगत आल्या आहेत. द्वारकेत कृष्णाच्या मांडीवर राधा बसलेली रुक्मिणीने पाहिली, ती रुसून दिंडीरवनात निघून आली, तिला शोधत कृष्ण आला आणि पुंडलिकाच्या विटेवर उभा राहिला. म्हणजे महाराष्ट्राचे आराध्य दैवत इथे आले तेच मुळी बायकोची समजूत काढायला! उत्तरेत कृष्णाचे नाव घेतले की आधी राधा येते. भागवतात राधेचे नावही नाही, पण बाराव्या शतकातल्या जयदेवाच्या ‘गीतगोविंदा’नंतर तिने कृष्णाच्या शेजारची जागा पटकावली. आपल्या संतांनीही गौळणींत राधा गायिली. पण विटेवरच्या देवाची जोडी म्हणून मराठी माणसाने मान दिला तो रखुमाईला.

असे का? एक कारण अगदी माणसासारखे आहे. रुक्मिणी विदर्भाची, कौंडिण्यपूरची, म्हणजे आपल्या गावची लेक. तिला डावलून दुसरीला शेजारी कसे बसवू देणार? दुसरे कारण तिच्या कथेत आहे. भाऊ रुक्मीने तिचे लग्न शिशुपालाशी ठरवले होते. तिने कृष्णाला पत्र धाडले आणि आपल्या मनातला वर आपण निवडला. एकनाथांनी १५७१ मध्ये काशीला ‘रुक्मिणी स्वयंवर’ पूर्ण केले. पुढे घरोघर हा ग्रंथ मुलींकडून वाचून घेण्याची प्रथा पडली, लग्न लवकर जुळावे म्हणून. यातली गंमत बघा. थोरल्यांनी ठरवलेले स्थळ नाकारून स्वतः पत्र लिहिणाऱ्या मुलीची कथा वाचायची आणि मग थोरल्यांनी ठरवलेल्या स्थळापुढे मान खाली घालून उभे राहायचे. प्रत्यक्षात जे बोलता येत नव्हते, ते पोथीच्या आडून मनात तरी म्हणता येत होते.

हीच गोष्ट तीनशे वर्षांनी रंगभूमीवर आली. १८८२ साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत सौभद्र’ झाले. बलरामाला बहीण सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, सुभद्रेचे आणि अर्जुनाचे मन एकमेकांवर आहे आणि कृष्ण मधे बसून सारी सूत्रे हलवतो आहे. मूळ महाभारतात अर्जुन रैवतक पर्वतावरच्या उत्सवात सुभद्रेला पाहतो आणि कृष्णाच्या सल्ल्याने तिला पळवून नेतो. तिला काय वाटते हे तिथे कुणी विचारत नाही. दुर्योधनाचे स्थळ आणि अर्जुनाचा संन्याशाचा वेष या गोष्टी भागवतातल्या आहेत. किर्लोस्करांनी त्या घेतल्या आणि त्यात महत्त्वाची भर घातली. त्यांनी सुभद्रेला मन दिले. ती रडते, चिडते, दैवाला दोष देते आणि हे सगळे गाऊन सांगते. भाऊराव कोल्हटकरांची सुभद्रा ऐकायला लोक लोटत. थोरल्या भावाचा शब्द मोडणे एरवी ज्यांना पाप वाटे, तीच घरंदाज मंडळी थिएटरात बसून बलरामाचा बेत कधी फसतो याची वाट पाहत होती. शेजारच्या घरात असे झाले असते, तर याच मंडळींनी त्या कुटुंबाला वाळीत टाकले असते.

असे मी उगाच म्हणत नाही. ‘सौभद्र’ रंगभूमीवर आल्यानंतर दोनच वर्षांनी, १८८४ साली, मुंबईत दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई हिच्यावर दावा लावला. अकराव्या वर्षी लावून दिलेले लग्न रखमाबाईला मान्य नव्हते. १८८७ साली न्यायालयाने तिला नवऱ्याकडे जा, नाहीतर तुरुंगात जा, असे सांगितले, तेव्हा तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या. पण त्या काळी समाजातल्या भल्याभल्यांनी तिच्यावर टीकेची झोड उठवली. सुभद्रेच्या नकाराला टाळ्या देणारा समाज रखमाबाईचा नकार पचवू शकला नाही. म्हणून मी म्हणते की, कथेतली जोडी ही समाजाच्या मनाची तालीम असते. प्रयोग व्हायला पुढे कैक वर्षे लागतात.

ही तालीम पुढच्या पायरीवर गेली ती ‘शारदा’ नाटकाने. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. इथे देव नाहीत, यादव-पांडव नाहीत. पैशासाठी मुलगी विकायला निघालेला कांचनभट आहे, बोहल्यावर चढायला आतुर झालेला म्हातारा भुजंगनाथ आहे, आणि शारदा आहे. तिच्या बाजूने उभा राहणारा कोदंड आहे. प्रेक्षकांनी शारदा आणि कोदंड ही जोडी उचलून धरली. त्यामागे प्रणय फारसा नाहीच. भुजंगनाथाच्या तावडीतून पोरगी सुटावी, ही तळमळ आहे. जरठ-बाला विवाहाची लाज समाजाला वाटू लागली, त्यात या नाटकाचा वाटा मोठा. १९२९ मध्ये बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. मुलीचे वय किमान १४ आणि मुलाचे १८ असावे, असे त्याने ठरवले. अजमेरचे हरबिलास सारडा यांनी तो मांडला म्हणून तो सारडा कायदा. पण मराठी माणसाने त्याचा ‘शारदा कायदा’ करून टाकला आणि देवलांच्या नाटकावरूनच हे नाव पडले, असे समजणारे लोक आजही भेटतात. चूक खरी, पण बोलकी चूक आहे.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९७८ च्या दुरुस्तीने मुलीचे वय १८ झाले. तरी मी शिकवत असताना सातवी-आठवीच्या पटावरून उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर एखादे नाव गळायचे. चौकशी केली की घरचे म्हणत, स्थळ चांगले आले. त्या मुलींपैकी काहींनी आदल्या वर्षापर्यंत मधल्या सुट्टीत बाहुला-बाहुलीचे लग्न लावलेले मी पाहिले होते. त्या खेळात वरपक्ष असे, वधूपक्ष असे, मानपानावरून भांडण असे. कुणाची बाहुली कुणाच्या बाहुल्याला द्यायची, यावर तासभर खल चाले. एखादी ठणकावून सांगे, “माझी बाहुली तुझ्या घरी नाही द्यायची.” स्वतःच्या बाहुलीबद्दल नाही म्हणण्याचा जो हक्क तिला होता, तो स्वतःबद्दल उरला नव्हता.

आमच्या पालघर जिल्ह्यापुरते बोलायचे तर जोडी जमण्याची दुसरीही एक रीत इथे आहे. वारली समाजात लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात, त्यात पालघाट देवी असते आणि लग्न लावणारी धवलेरी ही बाईच असते. जोडपे आधी एकत्र संसार थाटते, पैसा जमला की लग्न लागते, कधीकधी मुले झाल्यावरही. शहरी माणूस नाक मुरडतो, पण त्यात जोडीचा निर्णय आधी आणि समारंभ मागाहून, हा क्रम आहे. मात्र त्या समारंभाच्या खर्चानेच वारल्यांचा घात केला. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवरा-बायकोने त्याच्याकडे गुलामासारखे राबायचे, याला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली डहाणू-उंबरगाव भागात वारल्यांनी उठाव केला तेव्हा वेठबिगारीबरोबर ही पद्धतही मोडली. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात त्याची हकीकत आहे. जोडी जमवण्याचा प्रश्न कुणासाठी करमणुकीचा असतो, तर कुणाला त्यापायी स्वातंत्र्य गहाण टाकावे लागते.

आता पुन्हा नाटकाकडे वळू. जोडी आवडण्याचे एक कारण कथेच्या बाहेरचेही असते. ते म्हणजे नट. खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ साली आले. श्रीमंताची लेक भामिनी गरीब, पण शूर धैर्यधराला आधी झिडकारते आणि पुढे वेष पालटून त्याची पारख करते. बालगंधर्वांच्या भामिनीवर महाराष्ट्र लुब्ध होता. दुसरीकडे ‘ललितकलादर्श’चे केशवराव भोसले म्हणजे गाण्यातले वाघ. दोन कंपन्यांत स्पर्धा, त्यांच्या चाहत्यांत तर हाडवैर. तरीही हे दोघे समोरासमोर उभे राहिले तर काय बहार येईल, असे प्रत्येक रसिकाच्या मनात होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत ते घडले. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या काळात शंभर रुपयांपर्यंत तिकिटे लागली आणि तीही खपली. तीनच महिन्यांत, ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव गेले. ती जोडी दंतकथा होऊन राहिली. प्रेक्षकांना तिथे लग्न बघायचे नव्हते, दोन तोलामोलाचे आवाज एकमेकांना भिडताना ऐकायचे होते. पडद्यावरच्या जोड्यांचेही हेच आहे. बरोबरीचे दोघे एकमेकांना फुलवतात, तेव्हा आपण जोडी जमली म्हणतो. रमेश देव आणि सीमा यांनी १९६३ साली खरेच लग्न केले, तेव्हा पुष्कळांना आपणच ते जुळवल्याचा आनंद झाला असेल.

पण सगळ्यात विलक्षण जोडी लावली ती एका विदुषीने. इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ १९६७ साली प्रसिद्ध झाले आणि १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. द्रौपदीला पाच पती, पण तिचा ओढा कुणाकडे? महाभारतातच याचे उत्तर आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर द्रौपदी प्रथम कोसळते. भीम कारण विचारतो आणि धर्मराज सांगतो की हिचा अर्जुनाकडे विशेष ओढा होता, त्याचे हे फळ. इरावतीबाईंनी उलटा प्रश्न विचारला. द्रौपदीवर सर्वांत जास्त प्रेम कुणाचे होते? तिच्या हट्टासाठी फुले आणायला कोण गेला, कीचकाला कोणी मारले, दुःशासनाच्या रक्ताची प्रतिज्ञा कोणी केली आणि पाळली? प्रत्येक वेळी उत्तर भीम असेच येते. मग त्यांनी पडलेल्या द्रौपदीजवळ भीमाला बसवले आणि अखेरच्या घटकेला तिला ते प्रेम उमगते, असे लिहिले. मात्र त्या अभ्यासक होत्या. इथून पुढे महाभारतातले नाही, ही माझी नरोटी, असे त्यांनी बजावून ठेवले. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. आधार आणि कल्पना यांच्यातली सीमारेषा इतक्या प्रांजळपणे आखणारे चाहते विरळाच. पण मनातून त्याही चाहत्याच होत्या. हाताशी पुरावा होता तोवर त्यांनी पुराव्याने लिहिले आणि तो संपला तिथे जोडी लावली.

या भीमाला पाहिले की ढोलकपूरच्या भांडणाचा अर्थ लागतो. तिथे भीम हा अर्जुनाच्या जागी आहे आणि चुटकी ही भीमाच्या. जी रोज सोबत होती, जिने पोटाला घातले, तिला शेवटी काय मिळाले, असा तो प्रश्न आहे. राजकन्येकडे रूप आणि राज्य आहे, चुटकीकडे फक्त सोबत आहे. आणि आपली सहानुभूती नेहमी सोबतीच्या बाजूने जाते. रखुमाईपासून चुटकीपर्यंत आपण जोड्या निवडत आलो त्या सौंदर्यावर कमी आणि न्यायावर जास्त. कष्टाचे चीज व्हावे, थोरल्यांची जबरदस्ती मोडावी, पैशाने माणूस विकत घेता येऊ नये, अशी साधी माणसाची आस त्यामागे आहे.

तरीही एक खटकते. चुटकीच्या बाजूने एवढा गहजब झाला, पण चुटकीला काय हवे हे कुणी विचारले? लाडू दिले म्हणून भीम तिला मिळावा, हा हिशेब बरोबर आहे का? लाडू मैत्रीपोटी दिले असतील तर? सेवेचा मोबदला म्हणून नवरा, ही कल्पना आपल्या मनात इतकी खोल आहे की, न्याय मागतानाही आपण तीच मागणी करतो. अमेरिकेत लुइसा मे अल्कॉटने १८६८ साली ‘लिटल विमेन’चा पहिला भाग लिहिला. शांता शेळके यांनी ‘चौघीजणी’ म्हणून ते पुस्तक मराठीत आणले, त्यामुळे आपल्याही अनेक मुलींना त्यातली ज्यो माहीत आहे. ज्योने शेजारच्या लॉरीशी लग्न करावे, म्हणून वाचक मुलींची पत्रांवर पत्रे येऊ लागली. अल्कॉट वैतागली. लग्न हाच बाईच्या आयुष्याचा एकमेव हेतू आहे का, असे तिने रोजनिशीत लिहिले आणि कुणाला खूश करण्यासाठी ही जोडी लावणार नाही, असे ठरवले. तिने शब्द पाळला. वाचक मात्र दीडशे वर्षे कुरकुरत आहेत.

देवलांनाही अखेर शारदेचे लग्नच लावावे लागले. म्हाताऱ्याऐवजी तरुण वर, एवढेच. मुलीने लग्नाशिवाय राहावे, शिकावे, मोठे व्हावे, हा शेवट १८९९ च्या प्रेक्षकाला सुचलाही नसता. आज तो सुचायला हवा. म्हणूनच ते निवेदन मला महत्त्वाचे वाटते. कंपनीने ते धंद्याच्या सोयीसाठी काढले असेल, पण त्यात जे म्हटले आहे ते रखमाबाईंना, शारदेला आणि पटावरून गळालेल्या त्या मुलींना कुणी म्हटले असते तर किती बरे झाले असते. ही मुले लहान आहेत, त्यांना खेळू द्या.

जोड्या खुशाल लावाव्यात. त्याशिवाय कथा वाचण्यात मजा नाही आणि त्या निमित्ताने माणसे आपल्या मनातले खरे बोलतात. फक्त त्या लावताना रुक्मिणीचे पत्र आठवावे. शिशुपाल नको आणि कृष्ण हवा, हे तिच्या वतीने दुसऱ्या कुणी ठरवले नव्हते. ते तिने स्वतः लिहिले होते.

(नभोवाणी भाषणाचे संपादित रूप)